पसंतीक्रम

फॉर्मवर तीन रकाने आहेत. पहिली पसंती, दुसरी, तिसरी.
इशबेल टेबलाखाली बसून
माझ्या बुटांच्या नाड्या सोडते आहे.
साडेतीन वर्षांची झाली,
आणि कौन्सिलला शुक्रवारपर्यंत कळायला हवं
तिला कुणाच्या हवाली करायचं.

थंडीत मी रात्रपाळीला असतो, मिठाच्या ट्रकवर.
बर्फ धरायच्या आत डंडीच्या चढणींवर मीठ पसरतो.
सगळं गाव माझ्या मिठावरून चालतं,
पण मिठाला जागतो एकटा मीच.
तेव्हा तिन्ही बालवाड्या मी
झोप न झालेल्या डोळ्यांनी पाहिल्यात,
हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पहिली टेकडीखालची, कोरी करकरीत.
दाराला आकड्यांचं कुलूप, बाईंच्या हातात टॅबलेट.
काय खाल्लं, किती झोपली,
सगळं तुम्हाला फोनवर दिसेल, त्या म्हणाल्या.
मी विचारलं, रडली तर?
तेही, त्या म्हणाल्या.
इशबेलने फिशटँकच्या काचेला नाक लावलं,
मासा उठून आत निघून गेला.

दुसरी चर्चच्या तळघरात.
उकडलेल्या कोबीचा वास, रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे,
एकाचाही जोडीदार सापडणार नाही असे.
मिसेस डॅलगेटी अजून तिथेच.
चष्मा वर करून म्हणाल्या,
तू स्ट्रुअन. तू चावायचास.
मधली एकतीस वर्षं,
एक लग्न, एक मोडलेलं लग्न, वडिलांचं दुखणं,
सगळं त्या एका दाताआड गेलं.
मी मान डोलावली. खरंच चावायचो.

तिसरी गावाबाहेर, बर्चच्या झाडांत, दोन बसा बदलून.
पोरं चिखलात, चिखल पोरांत.
एक मुलगा जाकिटाची चेन लावत होता.
त्याच्यासमोर कॉर्मॅक नावाचा तिथला उंच पोरगेला शिक्षक
ओल्या मातीत गुडघे टेकून बसलेला,
दोन्ही हात पाठीमागे,
एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून,
चोराला धरावं तसं.
गारांची एक सर आली, पडली, थांबली.
चेन अजून खालीच.
कॉर्मॅकच्या केसांतून पाणी गळत होतं
आणि मनगट सुटलं नव्हतं.

रात्री अ‍ॅबर्डीनहून रोनाचा फोन.
मी तिला गारा सांगितल्या, हात सांगितले.
ती म्हणाली, ते असू दे, घराजवळची कुठली?
तिचंही बरोबर आहे.
सकाळी सहाला ट्रक डेपोत लावून
दोन बसा बदलणारा माणूस
चार दिवस शहाणा राहील, पाचव्या दिवशी स्टॉप चुकेल.

तरी पहिल्या रकान्यात बर्चची झाडं लिहिली.
दुसऱ्यात तळघर. तिसरा रिकामाच सोडला,
मासा गेला त्या बाजूला.
खाली एक प्रश्न होता, मुलाच्या काही सवयी?
लिहिलं, चावत नाही. अजून तरी.

एप्रिलमध्ये पत्र आलं. दोन ओळी.
आपल्या दुसऱ्या पसंतीनुसार.

ऑगस्टचा पहिला दिवस, टे नदीवरून धुकं आत आलेलं.
चर्चच्या पायऱ्यांवर इशबेल बसली,
बुटाचा पट्टा सुटलेला.
भोकात आकडा जाईना.
मागे आया, ढकलगाड्या, कुणाचं तरी रडणं,
दारात मिसेस डॅलगेटी घड्याळाकडे न बघता उभ्या.
मी वाकलो,
वाकता वाकता थांबलो,
हात पाठीमागे नेले, मनगट धरलं.
माझ्याच नाडीचे ठोके माझ्याच बोटांना लागत होते,
सत्तर, ऐंशी.

तिने पट्टा सोडून वर पाहिलं.
डॅडी, म्हणाली,
तुझे हात कुठे गेले?